फ्रीजमध्ये झोपणारं झाड

सिंगापुरात मी हात लावलेलं एकही झाड मेलं नाही, असं मी ज्याला त्याला सांगतो. एक मेलं, आणि ते नेमकं असं की त्याच्यासारखं दुसरं अख्ख्या बेटावर मला कुणी दाखवू शकलं नाही.

हे मी बोलतोय, टाइप अदितीताई करतायत. माझी शाळा चौथीपर्यंत. मास्तरांनी पाचवीत घ्यायला नकार दिला नव्हता, मीच त्यांना त्रास नको म्हणून गेलो नाही. मराठी सावकाश वाचतो, इंग्लिश औषधाच्या बाटलीवरचं तेवढं कळतं, ते पण कवटीचं चित्र असेल तर. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात सगळे इंजिनिअर. नवीन माणूस भेटला की विचारतो, कुठल्या कंपनीत? मी सांगतो, ग्रीन टेक्नॉलॉजी. पुढचा प्रश्न यायच्या आत जेवणाच्या रांगेत घुसतो.

मी माळी आहे. गाव सासवडच्या अलीकडे, अंजिरांचा मुलूख. पुण्याच्या नर्सरीत होतो, तिथून एका कंत्राटदाराने इकडं आणलं. वर्क परमिट, बूट, हेल्मेट आणि शिडी. काम काय, तर रस्त्याकडेची झाडं बघायची आणि कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या बागा राखायच्या.

इथं रस्त्यावर रेन ट्री फार. छत्रीसारखं पसरतं, रस्त्याच्या दोन्ही अंगांनी लावलं तर वर मांडव होतो. पाऊस यायच्या आधी आणि संध्याकाळी त्याची पानं मिटतात, म्हणून पाऊस खालच्या गवतापर्यंत पोचतो आणि गवत हिरवं राहतं. फांद्यांवर नेचे उगवतात, त्यात पक्षी, पक्ष्यांच्या मागे साप. दुपारी सावलीतून उन्हात एक पाऊल टाकून बघा म्हणजे कळेल ह्या झाडांची काय किंमत आहे. पण लोकांना ते दिसत नाही. त्यांना दिसते गाडीवर पडलेली मैनेची शिट. झाड मोठं झालं की तक्रार कचऱ्याची, कापलं की तक्रार उन्हाची.

झाड आतून पोकळ आहे का हे बघायला आम्ही लाकडी हातोड्याने ठोकतो. ठण वाजलं तर बरं, ढब वाजलं तर कीड. माझा कान तयार आहे अशी माझी ख्याती होती, मीच पसरवलेली. एकदा जुरोंग ईस्टला एका रेन ट्रीला ठोकून मी पास केलं, त्याच्याच खाली सायकल लावली आणि चहाला गेलो. परत आलो तर फांदी सायकलवर. सुपरवायझरने येऊन विचारलं, झाडाला लागलं नाही ना? ती सायकल माझीच होती म्हणून त्या दिवशी सगळे हसले. पुढे जे झालं त्यात हसायला फारसं कुणी नव्हतं.

बुकित बातोकला टेकडीच्या पायथ्याशी काही बैठी घरं आहेत. त्यातल्या एका घरी कंपनीने मला गवत कापायला पाठवलं. दर महिन्याला एक दिवस. घरात मॅडम एकट्या. इथल्याच, चिनी, आयुष्यभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा जर्मन, वॉल्टरसाहेब, जहाजावर इंजिनिअर. लग्न करून इथंच राहिला. ज्या वर्षी शेजारच्या देशातल्या जंगलांच्या आगीचा धूर इथवर येऊन शाळा बंद ठेवल्या होत्या, त्या वर्षी तो वारला. मी जायला लागलो ते त्यानंतर सहा-सात महिन्यांनी, म्हणजे त्याला मी फक्त भिंतीवर बघितलं.

मागच्या पडवीत एका मोठ्या कुंडीत झाड होतं. माझ्या खांद्याएवढं, खोड अंगठ्यापेक्षा थोडं जाड. पान पत्त्यातल्या बदामासारखं, कडेला करवत, देठाकडे एका बाजूला जरा तिरकं. मी बघितलं आणि गुडघ्यावरच बसलो. म्हटलं, मॅडम, ही तर धामण! आमच्या डोंगरात असते. सालीचे दोर करतात, कुऱ्हाडीचे दांडे करतात. मी खालची एक वाळकी काडी मोडून साल सोलून दाखवली, चिवट, दोऱ्यासारखी. मॅडमनी ती साल हातात घेतली आणि बोटाभोवती गुंडाळून बघितली. मग म्हणाल्या की वॉल्टर पण हेच सांगायचा. त्याच्या गावाकडे पूर्वी ह्याच्या सालीचे दोर वळायचे.

ते धामण नव्हतं. ते होतं लिंडन. पुढे अदितीताईंनी सांगितलं की लांबचं नातं आहे दोघांचं. पण नातं आहे म्हणून काय, आमच्या आत्याचा मुलगा मुंबईत डॉक्टर आहे, म्हणून मी ऑपरेशन करतो का? केलं. तेच सांगतोय.

मॅडम मला बबनऐवजी बाबान म्हणायच्या. मोजकं बोलायच्या, पण ह्या झाडाचं विचारलं की चहाच ठेवायच्या. वॉल्टरसाहेबाच्या गावात रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लिंडन. उन्हाळ्यात फुललं की अख्ख्या रस्त्याला मधासारखा वास सुटतो, मधमाश्यांचा आवाज खिडकी लावली तरी येतो. फुलं वाळवून खोकल्याला चहा करतात. पानांवर माव्याची कीड पडते, तिचा चिकटा गाड्यांवर गळतो, आणि तिकडचे लोक पण गाड्यांवरून तक्रारी करतात. ते ऐकून मला तो गाव एकदम आपला वाटला. जुन्या काळी झाडाखाली पंच बसायचे, लग्नात नाचायचे. आपल्या पिंपळाच्या पारासारखं, फक्त पिंपळाखाली कुणी नाचत नाही, मुंजा धरतो.

त्याच रस्त्यावरच्या झाडाचं कलम वॉल्टरसाहेब सगळी कागदपत्रं करून इकडे घेऊन आला. आता अडचण बघा. हे झाड थंडीतलं. दिवस लहान झाले की ते समजतं, झोपायची वेळ झाली. पानं टाकतं. मग थंडी मोजत पडून राहतं. पुरेशी थंडी मोजून झाली की उठतं, पालवी फुटते. आणि सिंगापुरात दिवस बाराही महिने सातला उगवतो, सातला मावळतो. थंडी फक्त मॉलमध्ये. झाडाला बिचाऱ्याला कळेच ना, झोपायचं कधी आणि उठायचं कधी.

वॉल्टरसाहेबाने काय केलं, तर एका बंद पडणाऱ्या कॉफीशॉपमधून कोल्ड्रिंकचा मोठा काचेचा फ्रीज आणला. आतले कप्पे काढले. उन्हाळा म्हणून झाडावर संध्याकाळी काही तास दिवा लावायचा, दिवस लांब वाटावा म्हणून. नंतर दिवा बंद. पानं पिवळी पडून गळली की अख्खी कुंडी फ्रीजमध्ये, डिसेंबर ते फेब्रुवारी. काचेवर बिअरची जाहिरात आणि आत झाड झोपलेलं. सोळा वर्षं. फ्रीजमध्ये मावावं म्हणून दरवर्षी शेंडा छाटायचा, त्यामुळे फूल कधी आलंच नाही. तो म्हणायचा, फ्रीज लहान आहे म्हणून फूल नाही, झाडाची चूक नाही.

नोव्हेंबरात तो फ्रीज मेला. मेकॅनिक म्हणाला, ह्याचा पार्ट आता मिळत नाही. मॅडमनी दुसरा जुना फ्रीज शोधला होता, ओळखीच्या हॉकर स्टॉलवाल्याकडे, फक्त टेम्पो पाठवायचा बाकी होता. तेवढ्यात मी गवत कापायला गेलो.

आणि मला बुद्धी झाली.

आमच्याकडे अंजिराला, डाळिंबाला ताण देतात. बाहेरच्या माणसासाठी सांगतो. फळ हवं त्या हंगामात यावं म्हणून झाडाचं पाणी तोडायचं. बुंध्याची माती उकरून मुळ्या उघड्या टाकायच्या. झाडाला वाटतं, आता काही आपण वाचत नाही. ते पानं टाकतं, गपगार होतं. महिनाभराने मुळ्या झाकायच्या, खत घालायचं, पाणी सोडायचं. मरणाच्या दारातून आलेलं झाड अंगभर फुटतं आणि फुलाने लगडतं. माझा बाप ह्यातला दर्दी होता. पान हातात चुरगाळून सांगायचा, अजून चार दिवस थांबा. मी त्याच्या मागे खताची पाटी घेऊन फिरलो, आणि त्यावरून मला वाटत होतं की विद्या आपल्या अंगात आलीय. पाटी आली होती.

मी मॅडमना म्हटलं, फ्रीज कशाला? झाडाला फक्त झोपवायचं तर आहे. मी विनाफ्रीज झोपवतो, आणि फूल पण आणून दाखवतो.

त्या म्हणाल्या, "मला फूल नको. त्याच्यामागे हे जगलं पाहिजे, एवढंच."

मी म्हटलं, तीस वर्षं झाडांत काढलीत मॅडम. फूल येणार, वास येणार, तुम्ही बघाच.

वास म्हटल्यावर त्यांनी झाडाकडे बघितलं. तो वास त्यांनी कधी घेतलाच नव्हता. तिकडे दोनदा गेल्या, दोन्ही वेळा हिवाळा होता.

मग त्यांनी कपाटातून वॉल्टरसाहेबाची वही आणून दिली. त्याने बायकोला वाचता यावी म्हणून इंग्लिशमध्ये लिहिलेली, मध्ये मध्ये झाडाची चित्रं. म्हणाल्या, आधी हे वाच. मी तिथंच उभ्याने पानं उलटली. एका पानावर थांबलो, मान हलवली. दुसऱ्या पानावर जास्त वेळ थांबलो, कारण तिथं चित्र होतं. म्हटलं, ओके मॅडम, सेम सेम. वही पिशवीत टाकली.

मला वाचता येत नाही, हे चार शब्द होते. इंग्लिशमध्ये पण येत होते मला. नाही निघाले तोंडातून.

टेम्पो रद्द झाला. मी कुंडी पत्र्याखाली सरकवली, पाणी तोडलं, मुळ्या उघड्या केल्या. मॅडमनी एकदाच विचारलं, "वॉल्टर तर रोज पाणी घालायचा?"

"म्हणून तर फूल आलं नाही," मी म्हटलं.

हे वाक्य मला अजून ऐकू येतं. ताई, हे असंच ठेवा, गोड करू नका.

पानं गळली. मी खूश. महिन्यात एकदाची ड्यूटी, पण मी दर रविवारी स्वतःहून जायला लागलो. एमआरटी म्हणजे इथली मेट्रो, मग बस, मग चढ. महिन्याने मुळ्या झाकल्या, खत घातलं, पाणी सोडलं. दहाव्या दिवशी फांदीवरचे दोन डोळे, म्हणजे कोंब, लाल होऊन फुगले आणि उंदराच्या कानाएवढी दोन पानं आली. मॅडमनी फोटो काढून वॉल्टरसाहेबाच्या बहिणीला पाठवला. मला केक दिला. मी तो केक खाल्ला, आणि कामगारांच्या डॉर्मिटरीत येऊन सगळ्यांना सांगितलं की जर्मन लोकांना जमलं नाही ते सासवडने करून दाखवलं.

पुढच्या रविवारी ती दोन पानं कडेने जळलेली. त्याच्या पुढच्या रविवारी ती नव्हती.

झाड जिवंत आहे का हे बघायला नखाने साल जरा खरवडायची. आत हिरवं असलं तर जीव आहे. मी मॅडमचं लक्ष नसताना शेंड्याला खरवडलं. तपकिरी. वीतभर खाली, तपकिरी. खोडाच्या मध्यावर हिरवं दिसलं, तेव्हा जीव भांड्यात पडला. पुढच्या वेळी ते हिरवं पण आणखी खाली गेलं होतं, विहिरीचं पाणी उन्हाळ्यात जातं तसं. मॅडम दारात येऊन विचारायच्या, कसं आहे? मी म्हणायचो, झोपलंय. असे पाच-सहा रविवार मी म्हणालो, झोपलंय. तेवढ्या दिवसांत मी पाणी वाढवलं, कमी केलं, कुंडी उन्हात ओढली, सावलीत ओढली, हळद घातली. बुंध्याशी नाक नेलं तर कुजका वास. तरी झोपलंयच.

पाडव्याला मंडळातल्या घरोघरी गुढीसाठी कडुनिंबाचे डहाळे मीच पोचवतो. त्या वर्षी अदितीताईंकडे गेलो. त्या पुण्याच्या, इथं युनिव्हर्सिटीत झाडांवरच संशोधन करतात, तोवर मला वाटायचं ह्यांना झाडातलं काय कळणार, त्यांच्या हाताला माती नसते. डहाळे दिले, श्रीखंड खाल्लं आणि मग पिशवीतून वही काढली. म्हटलं, ताई, जरा वाचता का, माझा चष्मा राहिलाय. मला चष्मा नाही हे त्यांना माहीत होतं. तरी वही घेतली.

पहिलं पान उघडलं आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"बबनकाका, पहिलीच ओळ आहे. खाली दोन रेघा मारल्यात. कुंडी कधीही कोरडी पडू देऊ नका. एकदा मी विसरलो, चार फांद्या गेल्या."

मी विचारलं, मग झोपवायचं कसं? त्यांनी समजावून सांगितलं. डाळिंबाच्या मुलखात पाण्याचा दुष्काळ पडतो, म्हणून ते तहानेने झोपायला शिकलंय. लिंडनच्या मुलखात थंडी पडते, म्हणून ते थंडीने झोपतं, आणि पाणी त्याला कायम लागतं. डाळिंबाला तहान लागली की ते झोपतं. ह्याला तहान लागली की फक्त तहान लागते.

फुलांचं पण होतं वहीत. फूल नाही आलं तरी चालेल, असं त्याने लिहिलं होतं. आणि कुणाकुणाला काय विचारलं ह्याची यादीच होती. बहिणीच्या शेजारच्या माळ्याला, जहाजावरच्या कुकला, इथल्या एका बागेतल्या माणसाला, फ्रीज विकणाऱ्याला सुद्धा. प्रत्येकाच्या नावापुढे उत्तर. काही उत्तरांवर काट, कारण ती करून बघितली आणि चुकली.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून बुकित बातोकला गेलो. चढ चढताना तीन-चार वाक्यं पाठ केली होती. मॅडमनी दार उघडलं आणि ती सगळी गेली. मी वही पुढे केली आणि म्हटलं, मॅडम, मला इंग्लिश वाचता येत नाही. झाड झोपलेलं नाही.

त्या म्हणाल्या, माहीत आहे. मग मला पडवीत नेलं आणि खोडाची भिंतीकडची बाजू दाखवली. तिथं वरपासून खालपर्यंत नखाने खरवडल्याच्या खुणा होत्या. माझ्या नव्हत्या. मी पुढून खरवडत होतो आणि त्या मागून. त्यांना माझ्या आधी दोन आठवडे कळलं होतं. मी रविवारी दारात उभा राहून झोपलंय म्हणायचो, त्या मान हलवायच्या, आणि मला वाटायचं बाईला पटतंय.

मी विचारलं, बोलला का नाहीत? त्या म्हणाल्या, मुलाने चुकीचं उत्तर लिहिलं की ते मी खोडत नाही, त्याचं त्याने खोडावं म्हणून थांबते. सवय आहे. मग म्हणाल्या, काढून टाक.

मी झाड उपटलं. मुळं काळी, कुजून हाताला येणारी. कुंडी रिकामी करून धुऊन दिली. फ्रीज त्याच दिवशी भंगारवाला घेऊन गेला. तीन माणसं लागली. ते बिअरचं पोस्टर उन्हात चकचकत टेकडी उतरून जाताना मॅडम फाटकाशी उभ्या होत्या, एखाद्या माणसाला पोचवायला यावं तशा.

खोड मी टाकलं नाही. खोडाची साल सोलून डॉर्मिटरीच्या मागे बादलीत भिजत घातली. तीन आठवडे. वास असा की बांगलादेशी मित्रांनी मला दुसऱ्या मजल्यावर पाठवायचा अर्ज तयार केला. साल सडून धागे सुटले, ते धुऊन, मांडीवर घासून मी दोर वळला. आमच्याकडे धामणीचा वळतात तसाच. हातभर झाला, करंगळीच्या निम्म्या जाडीचा. पण चिवट. मी दोन्ही हातांनी हिसका दिला, तुटला नाही. मला जरा बरं वाटलं. वाटलं, काहीतरी तर परत देतोय.

पुढच्या गवताच्या दिवशी तो मॅडमना दिला. त्यांनी दोन्ही टोकं धरून ताणून बघितला, नाकाशी नेला. मधाचा वास नव्हता, बादलीचा होता. मग आत जाऊन वही आणली आणि तो दोर वहीभोवती गुंडाळून गाठ मारली. त्यांनी डोळे पुसले नाहीत, मीच पुसले, आणि असं काही झालं की माझं तोंड चालू होतं, हा माझा जुना रोग. मी म्हणालो, मॅडम, मला पण समजत नाही असं कसं झालं. बापाची विद्या, तीस वर्षं झाडांत काढली, सगळं कळत असून...

मॅडमनी गाठ ओढून घट्ट केली.

"वॉल्टरला झाडातलं काहीच कळत नव्हतं, बाबान," त्या म्हणाल्या. "म्हणून ते सोळा वर्षं जगलं. जा, गवत काप."